मुंबई ते लंडन : अंतर तेच, वेळ वेगळा



गटाच्या बैठकीला नवी सून आली की आपण तिला पहिलं विचारतो, "माहेर किती लांब?" ती कधी किलोमीटर सांगत नाही. ती म्हणते, "दोन एसट्या बदलाव्या लागतात." नाहीतर म्हणते, "सकाळी निघालं की दिवेलागणीला पोचते." म्हणजे बायका अंतर मोजतात ते वेळेनं, आणि तेच खरं मोजमाप आहे. रस्त्यावरचा दगड सांगतो ते अंतर जागचं हलत नाही. पण पोचायला लागणारा वेळ बदलतो, आणि तो का बदलतो हे पाहायला गेलं की इतिहास उलगडायला लागतो.

आज आपण एका खूप लांबच्या वाटेची गोष्ट पाहू. एक टोक आपली मुंबई, दुसरं टोक लंडन. मुंबईच्या विमानतळावरून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत आकाशातून सरळ अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. ते डोळ्यांपुढं आणायचं तर असं धरा. मुंबईहून नागपूरला रस्त्यानं साधारण ८०० किलोमीटर पडतात. तेवढं अंतर एकापुढं एक नऊ वेळा जोडलं की लंडन येतं. आपली एसटी ताशी चाळीसच्या वेगानं कुठंही न थांबता धावली, तर तिला १८० तास लागतील, म्हणजे साडेसात दिवस आणि साडेसात रात्री. विमान हेच अंतर नऊ ते दहा तासांत कापतं. आणि दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रवास करायला पाच-सहा महिने लागत.

सहा महिन्यांचे दहा तास झाले. हे कसं झालं, कुणी केलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते क्रमानं सांगते.

वाऱ्याच्या मर्जीवर

१४९८ साली वास्को द गामा आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कालिकतला पोचला. तेव्हापासून पुढं सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ युरोपातून भारतात यायची मोठी वाट तीच राहिली. मुंबईहून निघालेलं जहाज आधी खाली दक्षिणेला जायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचं आणि मग पुन्हा वर उत्तरेला लंडनकडं चढायचं. सगळं मिळून जवळजवळ वीस हजार किलोमीटर! घराच्या मागच्या दारी जायला अख्ख्या गावाला फेरी मारावी, तसली ती वाट.

जहाजं शिडाची होती. वारा असेल तर चालायची, पडला तर पाण्यात उभी राहायची. आपला मोसमी वारा पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून उलटा वाहतो. त्या वाऱ्याचं पंचांग सांभाळून जहाजं निघत. वेळ चुकली की पुढच्या वाऱ्याची वाट पाहायची.

पत्राचा हिशेब करा. मुंबईहून लिहिलेलं पत्र सहा महिन्यांनी लंडनला पोचायचं, उत्तर यायला आणखी सहा महिने. "मुलगा आजारी आहे, काय करू?" असं विचारलं, तर उत्तर येईपर्यंत मुलगा एक तर बरा होऊन खेळत असायचा, नाहीतर राहिलेला नसायचा. अंतर म्हणजे काय, ते या एका गोष्टीवरून कळतं.

कोळशाचं जहाज

मग वाफेचं इंजिन आलं. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे मुंबईहून सुएझला गेलेली पहिली आगबोट मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्याच्या कारागिरांच्या हातची बांधलेली होती. तिचं नाव ह्यू लिंडसे. १८३० सालच्या मार्च महिन्यात ती मुंबईहून निघाली.

या बोटीची अडचण ऐका. तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, आणि पहिला मुक्काम एडन होता अकरा दिवसांवर. मग कोळसा ठेवायचा कुठं? जिथं जागा मिळेल तिथं भरला, माणसांच्या खोल्यांतही भरला. बोट एडनला लागली तेव्हा फक्त सहा तास पुरेल एवढा कोळसा उरला होता. पुढचा कोळसा चढवायलाच कितीतरी दिवस गेले. वाटेतल्या मुक्कामांसह सुएझला पोचायला महिनाभर लागला. पण त्यातले बोट चालती असलेले दिवस मोजले, तर ते एकवीसच होते.

हे लक्षात ठेवा, कारण पुढं विमानाच्या गोष्टीतही हेच येणार आहे. लांबच्या प्रवासात वेळ नुसता चालण्यात जात नाही, थांबण्यातही बराच जातो. म्हणूनच इंग्रजांना एडन हवं होतं. १८३९ साली त्यांनी ते बंदर ताब्यात घेतलं आणि तिथं कोळशाची कोठारं उभी केली. म्हणजे मुंबई-लंडन प्रवासाचा वेळ कमी झाला तो नुसत्या इंजिनानं झाला नाही. दुसऱ्याची जमीन घेऊनही तो कमी केला गेला.

सुएझला उतरलं की वाळवंट ओलांडायचं, मग नाईल नदीतून अलेक्झांड्रियाला जायचं, तिथून दुसरी बोट पकडायची. टपालाच्या पेट्या उंटांच्या पाठीवरून जात. नंतर इजिप्तमध्ये आगगाडी आली. आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा सुरू झाला. वीस हजार किलोमीटरची वाट एकदम साडेअकरा हजारांच्या आसपास आली. मुंबईहून निघालेल्या बोटीला आता आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला, आणि पुढं बोटी वेगवान झाल्या, वाटेत फ्रान्समधून आगगाडी धरली, तर दोन आठवड्यांवर.

पण हा कालवा खणला कुणी? सुरुवातीची काही वर्षं इजिप्तच्या गरीब शेतकऱ्यांना घरून उचलून आणून वेठीला धरलं जायचं. पाळीपाळीनं हजारो माणसं खणायला लावत. त्यांची पेरणी, त्यांची कापणी मागं पडायची. त्यावर ओरड झाली, मग वेठ बंद करून यंत्रं आणावी लागली. मुंबई-लंडनचे दिवस वाचले, त्यात त्या शेतकऱ्यांचे दिवस खर्ची पडले आहेत.

समुद्र ओलांडणाऱ्या आपल्या बायका

त्या काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानत. पुरुष परतला तर त्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे. बाईनं जायचं तर बोलायलाच नको. तरीही आपल्या तीन बायका गेल्या.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. लहानग्या मनोरमेला सोबत घेऊन गेल्या. पती वारलेले, माहेरचं कुणी उरलेलं नाही, कडेवर मूल आणि समोर आगबोट! तो प्रवास त्यांनी मराठीत लिहूनही ठेवला.

त्याच वर्षी ७ एप्रिलला अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जाण्याआधी त्यांनी श्रीरामपूरला भरसभेत भाषण करून आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेला का जातो आहोत ते सांगितलं. पती सोबत नव्हते. इंग्लंडमार्गे ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस झाले होते. १८८६ साली डॉक्टर होऊन त्या परत निघाल्या, तेव्हा क्षयानं शरीर पोखरलं होतं. आजारी बाईला आठवडेच्या आठवडे बोटीत काढावे लागले. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

तिसऱ्या रखमाबाई. लहानपणी झालेल्या लग्नाला नकार देऊन त्या कोर्टात उभ्या राहिल्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. १८८९ साली त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणाला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटकडं पुढं कितीतरी वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले.

या तिघींच्या वाटेवर किलोमीटरचं अंतर होतंच. पण त्याहून मोठं अंतर घराच्या उंबऱ्यापासून बंदरापर्यंतचं होतं. आगबोटीचं तिकीट काढायच्या आधी त्यांनी ते कापलं.

वाळवंटात नांगरलेलं तास

आता आकाशात जाऊ. विमानं आली तेव्हा लहान होती. त्यांत इंधन थोडं मावायचं आणि रात्री उडायची सोय नव्हती. म्हणून लंडन ते भारत एका दमात येणं शक्यच नव्हतं.

इंग्रजांनी १९२१ साली कैरो ते बगदाद विमानानं टपाल न्यायला सुरुवात केली. खाली सगळं वाळवंट. ना नदी, ना झाड, ना गाव. वैमानिकानं वाट ओळखायची कशी? मग त्यांनी जमिनीवर मोटारी फिरवून चाकोरी पाडली, आणि जिथं चाकोरी दिसत नव्हती तिथं चक्क नांगर चालवून तास ओढलं! वरून वैमानिक त्या तासावर नजर ठेवून विमान हाकायचा. आपल्या भाषेत घड्याळाचाही तास असतो आणि नांगराचंही तास असतं. त्या वाळवंटात नांगराच्या तासानं प्रवासाचे तास वाचवले.

३० मार्च १९२९ रोजी लंडनहून कराचीपर्यंत नेमानं टपाल आणि प्रवासी आणणारी विमानसेवा सुरू झाली. सात दिवस लागायचे. युरोपातला काही भाग आगगाडीनं, भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारं विमान, पुढं जमिनीवरचं विमान. संध्याकाळ झाली की उतरायचं, मुक्काम करायचा, सकाळी पुन्हा उडायचं. अगदी पायी वारीसारखं! भाडं होतं १३० पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं सतराशे रुपयांच्या वर. शेतमजुरी करणाऱ्या बाईला तेव्हा दिवसाला काही आणेच मिळत. तिला हे तिकीट काढायचं म्हटलं तर अख्खा जन्म पुरला नसता.

कराचीपर्यंत टपाल आलं, पण मुंबईचं काय? ते काम जे. आर. डी. टाटा यांनी हाती घेतलं. १९२९ साली भारतात विमान चालवण्याचा पहिला परवाना त्यांनाच मिळाला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एक इंजिनाच्या छोट्या विमानातून टपालाची थैली घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरले, तिथं इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, आणि दुपारी ते जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून दुसरा वैमानिक, नेव्हिल व्हिन्सेंट, टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. आकाशात विमान आणि खाली इंधन आणणारी बैलगाडी. दोन्हीशिवाय टपाल पोचलं नसतं.

जुहूचं मैदान म्हणजे समुद्रालगतची सखल जमीन. पावसाळा लागला की सगळा चिखल. मग दरवर्षी पावसाळ्यात हे काम पुण्याला न्यावं लागे. ज्यांच्या वाडीचा रस्ता मृगाबरोबर बंद होतो त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको.

मलबार प्रिन्सेस

स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभराच्या आतच भारताचं स्वतःचं विमान लंडनला निघालं. ८ जून १९४८ च्या रात्री सांताक्रूझहून एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' नावाचं विमान पस्तीस प्रवासी घेऊन उडालं. कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे घेऊन ते लंडनला पोचलं. पूर्वी आठवड्याचा प्रवास होता, तो आता दीड दिवसाच्या आत आला. तेव्हा आठवड्यातून एकच फेरी असे.

या विमानाचा शेवट मात्र वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी, याच वाटेवर, कैरोहून जिनिव्हाला जाताना खराब हवेत ते फ्रान्समधल्या माँ ब्लाँ नावाच्या बर्फाच्छादित डोंगरावर आदळलं. आतले सगळे ४८ जण गेले. त्यांत बहुतेक भारतीय खलाशी होते. जहाजावर कामाला जाणारी ही कष्टकरी माणसं होती. लांबच्या वाटेवर पोटासाठी निघालेल्या माणसांची नावं इतिहासात सहसा येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१९६० साली एअर इंडियाकडं बोइंग ७०७ ही जेट विमानं आली. आधीची पंख्याची विमानं ताशी पाचशेच्या आसपास जात, ही नऊशेच्या आसपास जाऊ लागली. ती जास्त उंचावरून, ढगांच्याही वरून उडत. १९६२ साली तर एअर इंडियाची सगळीच विमानं जेट झाली, आणि असं करणारी ती जगातली पहिली कंपनी ठरली. पुढं विमानं आणखी मोठी झाली, टाक्या मोठ्या झाल्या, आणि वाटेतले थांबे एकेक करून गळाले. आज मुंबईहून उडालेलं विमान थेट लंडनलाच टेकतं. ह्यू लिंडसे बोटीची गोष्ट आठवा. थांबणं गेलं तेव्हा वेळ खऱ्या अर्थानं वाचला.

जायला जास्त, यायला कमी

आता एक गंमत. मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ-दहा तास लागतात, पण लंडनहून यायला नऊच्या आतबाहेर. अंतर तर तेच! मग असं का? काही जणी म्हणतील, पृथ्वी फिरते म्हणून. तसं नाही. पृथ्वी फिरते तशी तिच्याभोवतालची हवाही तिच्यासोबत फिरते. कारण वेगळं आहे. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वारा वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. लंडनहून येताना तो पाठीवर असतो, जाताना तोंडावर. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन वाऱ्याच्या उलट चालून पाहा, लगेच पटेल.

दुसरी गंमत घड्याळाची. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून सकाळी सातला निघालं आणि साडेनऊ तास उडालं. आपल्याकडं दुपारचे साडेचार झाले. पण लंडनच्या घड्याळात सकाळचे अकराच वाजलेले असतात, कारण तिथला सूर्य साडेपाच तास मागं आहे. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढं करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो. कुणाचा मुलगा तिकडं शिकायला किंवा कामाला असेल तर एवढं लक्षात ठेवा. आपण सकाळी सातला फोन केला तर तिथं मध्यरात्र उलटून गेलेली असते.

तिसरी गोष्ट सरळ रेषेची. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई-लंडन पट्टीनं जोडलं की वाट एक दिसते. विमान मात्र उत्तरेकडं थोडं झुकून गेल्यासारखं दिसतं. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. सोललेल्या नारळावर दोन खुणा करा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा स्वतःच सगळ्यांत जवळची वाट शोधतो. विमानाची वाट त्या दोऱ्यासारखी असते.

वाट अडवली की

पण दोऱ्याची वाट नेहमी मोकळी असतेच असं नाही. खालच्या देशानं परवानगी दिली तरच विमान वरून जाऊ शकतं. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं. तेव्हा भारतातून युरोप-अमेरिकेकडं जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला, इंधन जास्त जळलं, वेळ वाढला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच घडलं. शेजाऱ्याशी वाकडं आलं की बांधावरची पाऊलवाट बंद होते, तसंच हे.

पाण्यावरही तसंच. १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालवा आठ वर्षं बंद राहिला. जहाजं पुन्हा वास्को द गामाच्या जुन्या वाटेनं आफ्रिकेला वळसा घालू लागली. आणि ही जुनी गोष्ट म्हणावी तर २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि पुन्हा जहाजं त्याच वळशाच्या वाटेनं गेली. त्याची झळ थेट नाशिकच्या द्राक्षांना बसली. युरोपात जाणारी आपली द्राक्षं थंड कंटेनरमध्ये जहाजानं जातात. वाटेत दहा-पंधरा दिवस वाढले, जहाजाचं भाडं वाढलं, माल टिकेल का याची धाकधूक वाढली. द्राक्षबागेत थिनिंग करणाऱ्या, पॅकहाऊसमध्ये उभं राहून घड पेटीत भरणाऱ्या बायकांची मजुरी त्याच घडांवर चालते. तांबडा समुद्र आपण पाहिला नसेल. पण तिथली वाट अडली की त्याचा भार निफाड-दिंडोरीच्या बांधापर्यंत येतो.

विमान हाकणाऱ्या बायका

इथवर आपण बायकांना प्रवासी म्हणून पाहिलं. पण त्या तिथंच थांबल्या नाहीत. १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानात वैमानिक, सहवैमानिक, सगळ्या बायकाच होत्या, आणि कप्तान होत्या आपल्या सौदामिनी देशमुख.

जानेवारी २०२१ मध्ये तर त्याहून लांबची मजल गेली. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून थेट बंगळुरूला एअर इंडियाचं विमान आलं. ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. सरळ मोजलं तरी अंतर चौदा हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबई-लंडनच्या जवळपास दुप्पट. विमान उत्तर ध्रुवाच्या वरून आलं, न थांबता सुमारे सतरा तास उडत राहिलं. आणि ते चालवणाऱ्या चौघीही बायका होत्या. झोया अग्रवाल, तन्मयी पापागारी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. आनंदीबाईंना एका वाटेला अठ्ठावन्न दिवस लागले. त्यानंतर एकशे अडतीस वर्षांनी या चौघींनी अमेरिकेहून भारत सतरा तासांत गाठला, आणि तोही विमान स्वतः चालवून.

वेळ कुणाचा वाचतो?

आता शेवटचा मुद्दा. त्यासाठीच आजचा विषय घेतला.

दोनशे वर्षांत मुंबई-लंडनचा वेळ सहा महिन्यांवरून दहा तासांवर आला, तो आपोआप आला नाही. कुणी कोळशाची कोठारं बांधली, कुणी कालवा खणला, कुणी वाळवंटात नांगर ओढला, कुणी मैदानं सपाट केली. ज्यांना तो वेळ वाचवायचा होता त्यांच्याकडं पैसा होता आणि सत्ता होती. अंतर निसर्गानं ठरवलेलं असतं. वेळ मात्र माणसं ठरवतात, आणि कुणाचा वेळ वाचवायचा हेही माणसंच ठरवतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदीची वाट वळवली, आणि पनवेल भागातल्या दहा गावांतल्या घरांना उठावं लागलं. तिथल्या आगरी-कोळी बायकांचं खाडीतल्या मासळीवर, भातशेतीवर घर चालायचं. विमानतळ नको असं मी म्हणत नाही. पण कुणाचे तास वाचले याचा हिशेब मांडताना कुणाची शेतं गेली तो आकडाही त्याच वहीत लिहावा लागतो. गटाच्या वहीत आपण फक्त जमा लिहून खर्च सोडत नाही ना?

आणि आता आपल्या गावाकडं पाहा. मुंबईहून लंडन दहा तास. पण डोंगरावरच्या एखाद्या वाडीत रात्री बाईला कळा सुरू झाल्या, तर तिला झोळीत घालून ओढा ओलांडून डांबरी रस्त्यावर आणायला किती वेळ लागतो? गाडी यायला किती? पुढं दवाखाना किती? सरकारी कागदावर लिहिलेलं असतं, "आरोग्य केंद्रापासून अंतर आठ किलोमीटर." आठ किलोमीटर वाचून साहेबाला वाटतं, जवळच आहे. पण ते आठ किलोमीटर पावसाळ्यात तीन तासांचे असतील, तर तेच खरं अंतर आहे.

म्हणून एक काम सांगते. येत्या बैठकीत एक मोठा कागद घ्या आणि आपल्या वाडी-वस्तीचा नकाशा काढा. दवाखाना, शाळा, रेशन दुकान, बँक, पाण्याची जागा, बाजार, सगळं दाखवा. प्रत्येक ठिकाणापुढं किलोमीटर लिहू नका, वेळ लिहा. दोन आकडे लिहा, एक उन्हाळ्यातला आणि एक पावसाळ्यातला. गरोदर बाईला किती लागतो, डोक्यावर ओझं असताना किती लागतो, तेही लिहा. कुठं थांबावं लागतं ते वेगळं लिहा. गाडीची वाट पाहण्यात किती, ओढा उतरण्याची वाट पाहण्यात किती. त्या ह्यू लिंडसे बोटीसारखा आपलाही बराच वेळ थांबण्यात जातो असंच दिसेल, आणि मग नेमकं काय मागायचं ते कळेल. कुठं साकव हवा, कुठं एसटीची वेळ बदलायला हवी, कुठं आरोग्य सेविकेचा दिवस ठरवून हवा.

हा कागद घेऊन ग्रामसभेला जा. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी तयार होतो. त्यात हा विषय लेखी द्या आणि पोच घ्या. एकटीनं बोलू नका, गट मिळून बोला. ध्रुवावरून विमान आणलं तेव्हाही त्या चौघी होत्या.

पुढच्या वेळी तुमच्यापैकी कुणी आपल्या वाडीचा असा नकाशा घेऊन आलात, तर तो रेडिओवरून सगळ्यांना ऐकवू. आज इथंच थांबते.